दोन डोळ्यांचा कॅमेरा आणि साडेचार चटयांचे कारखाने

घरात जुन्या लग्नकार्यांचे फोटो असतील तर एकदा काढून पाहा. साधारण १९६० ते १९८५ च्या दरम्यानची लग्ने घ्या. त्यांतले काही फोटो अगदी चौरस दिसतील, जितके लांब तितकेच रुंद. हे फोटो काढणारा माणूसही वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो कॅमेरा डोळ्याला लावीत नसे. पोटाशी धरी, मान खाली घाली आणि देवापुढे उभे राहावे तसा वाकून कॅमेऱ्याच्या आत पाही. कॅमेऱ्याच्या तोंडावर एकाखाली एक अशी दोन भिंगे असत, आणि पुष्कळदा त्यांच्या वर 'याशिका' हे नाव कोरलेले असे.

हे नाव जपानी आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण हा कॅमेरा जपानात कसा आला, तिथल्या लोकांनी त्याचे काय केले आणि त्याने त्या लोकांचे काय केले, ही हकिकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. इतिहास म्हटला की आपण राजे, लढाया आणि तह यांकडे धावतो. एका हरलेल्या देशातल्या लहान कारागिरांनी पोट कसे भरले, हाही इतिहासच आहे. आज तो पाहू.

आधी यंत्र समजून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल. जपानी भाषेत या कॅमेऱ्याला 'निगान-रेफु' म्हणतात. 'निगान' म्हणजे दोन डोळे. वरचा डोळा बघण्यासाठी, खालचा चित्र घेण्यासाठी. दोन्ही भिंगे एकाच मापाची असून एकाच पट्टीवर बसविलेली असतात. बाजूची मूठ फिरविली की ती बरोबरच पुढे-मागे सरकतात. वरच्या भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत तिरक्या बसविलेल्या आरशावर पडतो, तिथून वर वळतो आणि एका धुरकट काचेवर चित्र उमटते. त्या काचेवर चित्र स्पष्ट दिसले की खालच्या भिंगामागे, फिल्मवर, तेच चित्र तितकेच स्पष्ट पडणार हे ठरलेले. खालच्या भिंगात पातळ पात्यांचा एक पडदा असतो. खटका दाबला की तो सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागापुरता उघडतो आणि मिटतो. आवाज इतका बारीक की शेजारच्या माणसालाही कळू नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना यात वर्गात दाखविण्याजोगे पुष्कळ आहे. बुटांचे पुठ्ठ्याचे खोके घ्या. समोर भोक पाडून वाचायचे भिंग बसवा, आत ४५ अंशांत आरसा ठेवा आणि वरच्या बाजूला खिडकी कापून तिच्यावर तेल लावून सुकविलेला पातळ कागद ताणून चिकटवा. भिंगापासून आरशापर्यंत आणि आरशापासून कागदापर्यंत मिळून अंतर भिंगाच्या नाभीय अंतराइतके हवे. मग उन्हातल्या झाडाकडे रोखून वरून पाहा. झाड सरळ उभे दिसेल, पण उजवीकडची फांदी डावीकडे गेलेली असेल. भिंग चित्र उलटेही करते आणि डावे-उजवेही बदलते. आरसा त्यातला उलटेपणा तेवढा दुरुस्त करतो, डावे-उजवे तसेच राहते. मुलगा डावीकडे पळू लागला की कागदावर तो उजवीकडे पळतो. नव्या फोटोग्राफरची यात फार त्रेधा उडे. जत्रेतल्या पालखीमागे तो कॅमेरा घेऊन धावला, तर पालखी एकीकडे आणि कॅमेऱ्याचे तोंड दुसरीकडे!

फिल्म लागे ती १२० क्रमांकाची, म्हणजे अमेरिकेच्या कोडक कंपनीने १९०१ साली काढलेली, मागे कागद लावलेली गुंडाळी. तिच्यावर ६ सेंटीमीटर बाय ६ सेंटीमीटरची बारा चित्रे निघत. बाराच. त्यामुळे माणूस खटका दाबण्यापूर्वी चार वेळा विचार करी.

या यंत्राचा जन्म जपानचा नव्हे. दोन भिंगांचे, मोठ्या पेटीसारखे कॅमेरे १८८० च्या सुमारास लंडनमध्ये बनत होते. पण त्याला हातात मावेल असे सुबक रूप दिले ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या दोघांनी. पाउल फ्रांके हे व्यवहार पाहणारे आणि राइनहोल्ड हाइडेके हे यंत्र जाणणारे. १९२० साली त्यांनी भागीदारीत कारखाना काढला आणि १९२९ मध्ये 'रोलायफ्लेक्स' नावाचा कॅमेरा बाजारात आणला. जगभरच्या वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी तो उचलून धरला. आपल्याकडच्या होमाई व्यारावाला, ज्यांनी स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपून ठेवली, त्यांच्या हातीही रोलायफ्लेक्स होता. पण त्याची किंमत भारी. जपानात त्या काळी एक म्हण झाली होती की, एक 'लायका' म्हणजे एक घर. लायका हा जर्मनीचा दुसरा नामांकित कॅमेरा. रोलायफ्लेक्सही सामान्य जपानी कारकुनाला तसाच दूरचा.

तेव्हा जपानी लोकांनी तो स्वतः बनवायला घेतला. यात पुढे होते काझुओ ताशिमा. १९२८ साली त्यांनी ओसाकाजवळ एक दुकानवजा कारखाना काढला. त्याच्या नावातच 'जपान-जर्मन' असे शब्द होते, कारण सोबतीला हाइलेमान आणि नॉइमान हे दोन जर्मन जाणकार होते. हीच पुढची मिनोल्टा कंपनी. १९३७ मध्ये त्यांनी 'मिनोल्टाफ्लेक्स' काढला. जपानातल्या पहिल्या दोन-डोळ्यांच्या कॅमेऱ्यांत त्याची गणना होते. जर्मन नमुना समोर ठेवूनच तो केला होता, आणि तसे म्हणण्यात कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडचा सुतारही पहिली खुर्ची दुसऱ्याच्या खुर्चीकडे पाहूनच करतो.

पुढे महायुद्ध आले. भिंगांचे सगळे कारखाने लष्कराच्या दुर्बिणी, तोफांची निशाणयंत्रे आणि विमानातले कॅमेरे करू लागले. मिनोल्टाने आपल्या भिंगांना 'रोक्कोर' हे नाव दिले ते कोबे शहरामागच्या रोक्को डोंगरावरून. हे नाव लावलेले पहिले भिंग १९४० साली विमानातल्या कॅमेऱ्यासाठी होते. पुढे लाखो घरांतल्या बाळांचे फोटो ज्या नावाच्या भिंगांनी काढले, त्या नावाची सुरुवात अशी युद्धात झाली.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. शहरे जळालेली, कारखाने मोडलेले, सैन्यातून परतलेले लाखो पुरुष बेकार आणि पोटाला अन्न नाही. देशावर दोस्त राष्ट्रांच्या फौजांचा अंमल बसला, तो एप्रिल १९५२ पर्यंत राहिला. या फौजांत हिंदुस्थानचे सैनिकही होते. ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखालच्या ब्रिगेडमध्ये मराठा पलटणीची पहिली बटालियन १९४६-४७ मध्ये जपानात होती. साताऱ्या-कोल्हापूरकडचे जवान त्या वेळी तिथल्या उद्ध्वस्त गावांतून हिंडले आहेत.

धान्य बाहेरून आणायचे तर डॉलर हवेत, आणि डॉलर मिळवायचे तर काहीतरी विकायला हवे. शस्त्रे बनवायला बंदी. मग हाती उरले काय? दुर्बिणी घासणारे हात, घड्याळे जुळविणारे हात आणि काच. कॅमेऱ्याला कच्चा माल थोडा लागतो. किंमत येते ती कसबाची. ज्या देशाकडे लोखंड नाही, तेल नाही, कापूस नाही, त्याने असाच धंदा धरावा हे ओघाने आले. लष्कराच्या दुकानांतून अमेरिकन शिपाई हे कॅमेरे घेऊ लागले. त्या वर्षांत परदेशी जाणाऱ्या मालावर 'कब्जातल्या जपानात बनविलेला' अशा अर्थाची अक्षरे इंग्रजीत ठोकावी लागत. स्वतः घडविलेल्या वस्तूवर स्वतःच्याच पराभवाचा शिक्का मारायचा. त्या कारागिराच्या मनाला काय वाटत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

आता गोष्टीचा खरा रंगदार भाग आला. १९५० साली रिको कंपनीने 'रिकोफ्लेक्स' कॅमेऱ्याचा तिसरा नमुना काढला. या कंपनीचे प्रमुख कियोशी इचिमुरा. त्यांनी हिशेब असा केला की, कॅमेरा ही श्रीमंतांची चैन आहे तोवर धंदा वाढणार नाही. तो शाळामास्तराला परवडला पाहिजे. म्हणून यंत्रातले जे जे महाग ते ते त्यांनी काढून टाकले. ओतीव धातूच्या जागी ठोकून वाकविलेला पत्रा घेतला. दोन्ही भिंगे एका पट्टीवर सरकविण्याची यंत्रणा खर्चाची. तिच्याऐवजी दोन्ही भिंगांच्या कडेला दाते पाडले आणि ते एकमेकांत अडकविले. एक भिंग फिरविले की दुसरे आपोआप फिरते, जात्याच्या पाळीसारखे. पडद्याचे वेग तीनच. फिल्म किती सरकली हे मागच्या तांबड्या काचेच्या खिडकीतून आकडा वाचून पाहायचे. आणि हे सगळे फिरत्या पट्ट्यावर जुळवायचे: प्रत्येक कामगार एकच काम करणार आणि कॅमेरा पुढे सरकणार. किंमत ठेवली सहा हजार येनांच्या आत. बाकीच्यांचे असे कॅमेरे याच्या कितीतरी पट महाग होते. तोक्योच्या गिंझा भागात रिकोफ्लेक्ससाठी रांगा लागत असे सांगतात. थोड्याच काळात कारखाना महिन्याला दहा हजारांच्या घरात कॅमेरे काढू लागला.

मला विचाराल तर या सगळ्या कथेतला खरा शोध हाच. रोलायफ्लेक्सची नक्कल पुष्कळांनी केली. त्यातले काय काढून टाकले तरी फोटो निघतो, हा प्रश्न इचिमुरांनी विचारला.

हे यश पाहून जणू पेवच फुटले. त्यातच १९५० ते १९५३ या काळात कोरियाचे युद्ध पेटले आणि अमेरिकी फौजांची मोठी खरेदी जपानात होऊ लागली. बाजारात पैसा खेळू लागला. दोन-डोळ्यांचे कॅमेरे बनविणारे डझनावारी उगवले. याला कारण यंत्राची रचना. हा कॅमेरा म्हणजे मुळात एक पेटी, एक आरसा, दोन भिंगे आणि एक पडदा. पेटी एका कारखान्याकडून घ्यावी, भिंगे दुसऱ्याकडून, पडदा तिसऱ्याकडून, आणि घरी बसून जुळवावे. पडदे बनविणाऱ्यांत सेइकोशा आणि सिटिझन ही नावे होती. तुमच्या ओळखीचीच, घड्याळांची! जे हात घड्याळाचे केस-कमान बसवीत, तेच सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारी पाती बसवू लागले.

अशा घरगुती जुळणाऱ्यांना जपानात 'साडेचार चटयांचे कारखानदार' असे नाव पडले. तिथे खोलीचे माप चटयांनी सांगतात. साडेचार चटयांची खोली म्हणजे साधारण नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद. आपल्याकडच्या चाळीतल्या खोलीहून मोठी नव्हे. त्या खोलीत नवरा, बायको, एखादा भाऊ बसून पेच आवळीत, आणि वर आपल्या मनाचे एक नाव लावून त्याला शेपूट म्हणून 'फ्लेक्स' जोडीत. एअरेसफ्लेक्स, ब्यूटीफ्लेक्स, एल्मोफ्लेक्स, फर्स्टफ्लेक्स, कॅलोफ्लेक्स, पिजनफ्लेक्स, प्रिमोफ्लेक्स, वॉल्कोफ्लेक्स, झेनोबियाफ्लेक्स. यांतले काही चांगले मोठे कारखाने होते, काही अगदी खोलीतले. इंग्रजी बाराखडीतली दोन-चार अक्षरे सोडली तर प्रत्येक अक्षरावर एक तरी कॅमेरा होता, असे जपानी लोक हसत सांगतात.

आता ओघानेच प्रश्न येतो: माल कसा होता? खरे सांगायचे तर, पुष्कळांचा 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' असाच प्रकार होता. वरचे भिंग एका मापाचे आणि खालचे किंचित दुसऱ्या मापाचे असले, की काचेवर स्पष्ट आणि फिल्मवर धूसर! पेटीच्या सांध्यातून उजेड शिरे. आरसा ढिला पडे. आणि एक वाईट कॅमेरा न्यूयॉर्कच्या दुकानातून परत आला की तो साडेचार चटयांच्या कारखानदाराकडे परत येत नसे. बदनामी व्हायची ती 'जपानी माल' या दोन शब्दांची. युद्धापूर्वीपासूनच जपानी खेळणी, जपानी चिनीमाती, जपानी कापड म्हणजे स्वस्त आणि तकलादू, असे जगाचे मत होते. आपल्याकडेही 'जपानी' हा शब्द एके काळी त्याच अर्थाने वापरला जाई. मोठ्या कष्टाने चांगली भिंगे करणारे कारखानेही या बदनामीत बुडण्याची वेळ होती.

चांगल्यांची बाजू जगाला कळली ती काहीशी योगायोगाने. अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी १९५० मध्ये जपानी निक्कोर भिंगे वापरून पाहिली, कोरियाच्या रणांगणावर नेली, आणि त्याच वर्षअखेरीस न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात या भिंगांची वाखाणणी छापून आली. ही भिंगे दोन-डोळ्यांच्या कॅमेऱ्याची नव्हेत. पण जपानी काचेकडे पाहण्याची दृष्टी तिथून बदलली.

परंतु एका स्तुतीवर धंदा चालत नाही. १९५४ साली कॅमेऱ्यांच्या तपासणीसाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत किंजी मोरियामा या कायदेपंडित राजकारण्याचा पुढाकार होता. परदेशी जाणाऱ्या कॅमेऱ्यांचे नमुने काढून त्यांची परीक्षा घ्यायची; पडद्याचे वेग, भिंगाची स्पष्टता, उजेड शिरतो की काय, धक्के आणि उष्णता सोसतो की काय हे पाहायचे; आणि जो माल उतरेल त्याच्यावर एक लहान, लंबगोल, सोनेरी कागद चिकटवायचा. त्यावर इंग्रजीत एकच शब्द: 'पास्ड', म्हणजे उत्तीर्ण. १९८९ पर्यंत हा कागद जपानी कॅमेऱ्यांवर लागत होता. काही जुन्या कॅमेऱ्यांवर तो आजही दिसतो. लोक तो किमतीची चिठ्ठी समजून नखाने खरवडून टाकतात, हे मात्र वाईट.

मला या व्यवस्थेचे विशेष वाटते ते असे की, तिने लहान कारखानदाराला लहान म्हणून सूट दिली नाही. यात कठोरपणा होताच. खोलीत बसून पेच आवळणाऱ्या कुटुंबाला नमुन्यांच्या परीक्षा, सारख्या मापांचा आग्रह आणि परत आलेला माल परवडणारा नव्हता. १९५५ नंतर ती नावे भराभर विझली. काहींनी धंदा बदलला, काही मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग करू लागले. त्यांच्याविषयी पुस्तकांत फार लिहिलेले नसते. कॅमेऱ्याच्या पाटीवरचे नाव तेवढे उरते. देशाची अब्रू वाचली आणि पुष्कळ कुटुंबांचा धंदा गेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि इतिहास सांगणाऱ्याने एक सांगून दुसरी झाकू नये.

यातूनच तगून मोठे झालेले नाव म्हणजे याशिका. त्याची जन्मभूमी शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. जपानच्या मध्यभागी नागानो प्रांतात, डोंगरांच्या कुशीत सुवा नावाचे सरोवर आहे. हा सगळा मुलूख रेशमाचा. घरोघर तुतीची पाने खाणारे किडे पाळीत आणि सरोवराकाठच्या ओकाया गावी सूत काढण्याच्या गिरण्या होत्या. गरीब शेतकऱ्यांच्या मुली नोमुगी खिंडीतून बर्फ तुडवीत पायी या गिरण्यांत कामाला येत. हे रेशीम अमेरिकेत जाई, तिथल्या बायकांच्या पायमोज्यांसाठी. १९२९ च्या मंदीत अमेरिकेचा बाजार कोसळला आणि इथली रेशीमघरे बसली. दहा वर्षांनी नायलॉन आले. उरलेसुरले तेही संपले. महायुद्धात बाँबच्या भीतीने तोक्योचे काही बारीक यंत्रकामाचे कारखाने या डोंगरांत हलविले गेले. ओस पडलेली जागा होती, आणि धागा तुटला की क्षणात हेरून जोडणारी बोटे होती. युद्ध संपले तरी कारखाने आणि कसब मागे राहिले. घड्याळे, भिंगे, कॅमेरे यांमुळे या प्रांताला पुढे 'पूर्वेकडचे स्वित्झर्लंड' म्हणू लागले.

अशा ठिकाणी डिसेंबर १९४९ मध्ये योशिमासा उशियामा यांनी आठ माणसांवर एक कारखाना सुरू केला. भांडवल ५६६ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या ३६० येनांच्या दराने दोन लाख येनांच्या आसपास. पहिले काम विजेच्या घड्याळांचे सुटे भाग करण्याचे. मग कॅमेऱ्याचे भाग. १९५३ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचा दोन-डोळ्यांचा कॅमेरा काढला. पुढे त्याचे नाव 'याशिका' झाले आणि १९५८ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. भिंगे त्यांची स्वतःची नसत. तोमिओका नावाच्या कसबी कारखान्याकडून येत. स्वस्त नमुन्यांत तीन काचांचे भिंग, महाग नमुन्यांत चार काचांचे. १९५७ मध्ये 'याशिका-मॅट' आला. त्यात बाजूचा दांडा फिरविला की फिल्म पुढे सरके आणि पडद्याची कमानही चढे. ही सोय तोवर बहुतकरून महागड्या जर्मन यंत्रांत असे. रोलायफ्लेक्समध्ये फिल्मची जाडी चाचपून पहिले चित्र आपोआप जुळविण्याची अजब युक्ती होती, ती याशिकाने घेतली नाही. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळवा आणि झाकण लावा, बस्स. यात बिघडण्यासारखे काही नाही. आपल्या तालुक्याच्या गावच्या स्टुडिओवाल्याला हाच कॅमेरा मानवला तो याचमुळे. बाराशे मैलांत कंपनीचा दुरुस्तीवाला नसला तरी चाले.

तोच तो 'नक्कल' हा आरोप राहतो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. मिनोल्टाने १९५५ मध्ये काढलेला 'ऑटोकॉर्ड' पाहा. रोलायफ्लेक्समध्ये फिल्म खालून वर जाते आणि चित्राच्या जागी येण्याआधी एका रुळावरून वळते. कॅमेरा रात्रभर तसाच ठेवला तर त्या वळणावर फिल्मला बाक येतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच भाग भिंगामागे येतो. ऑटोकॉर्डने गुंडाळी वर ठेवली. फिल्म सरळ खाली येते, आधी चित्र आणि मग वळण. एवढाच बदल, पण असा बदल नुसत्या नक्कल करणाराला सुचत नाही.

दुसरे उदाहरण मामियाचे. सेइइची मामिया या संशोधक वृत्तीच्या माणसाने १९४० साली ही कंपनी काढली, त्सुनेजिरो सुगावारा यांनी पैसा दिला. दोन-डोळ्यांच्या कॅमेऱ्याचे मोठे वैगुण्य असे की त्याची भिंगे काढून दुसरी लावता येत नाहीत. मामियाने १९५६-५७ च्या सुमारास भिंगांची जोडीच्या जोडी बदलता येईल असा कॅमेरा केला. दूरच्यासाठी वेगळी जोडी, रुंद दृश्यासाठी वेगळी. पुढे लोहाराच्या भात्यासारखी घडी, त्यामुळे अगदी जवळ जाऊन फूलही टिपता येई. पण जवळ गेले की दुसरी अडचण येते: वरचा डोळा पाहतो एक आणि खालचा टिपतो थोडे खालचे, माणसाचे डोके कापले जाते. त्यावर त्यांनी एक जोडयंत्र दिले. वरच्या भिंगाने पाहून घ्या, मग कळ फिरवा. अख्खा कॅमेरा बरोबर दोन भिंगांमधल्या अंतराइतका, पाच सेंटीमीटर, वर उचलला जाई आणि खालचा डोळा वरच्याच्या जागी येई. कॅमेरा मात्र दीड-दोन किलोंचा. दिवसभर गळ्यात वागवायचा म्हणजे मान धरायची.

हे कॅमेरे स्वस्त झाले तेव्हा खुद्द जपानात काय झाले, तेही सांगितले पाहिजे. युद्धापूर्वी फोटो हा बागा, डोंगर आणि सजविलेल्या स्त्रियांचा असे. १९५० पासून केन दोमोन हे थोर छायाचित्रकार एका मासिकात हौशी लोकांची चित्रे तपासू लागले आणि त्यांनी हट्टच धरला की, जे आहे ते टिपा, मांडून-सवरून काही करू नका. शिक्षक, कारकून, रेल्वेतले कामगार असे हजारो लोक कॅमेरा घेऊन रस्त्यावर आले. भिकारी, अनाथ पोरे, गल्लीत खेळणारी मुले, मोडकी घरे त्यांनी टिपली. युद्धकाळात ज्या देशात साधा बंदराचा फोटो काढणेही संशयाचे होते, तिथल्या सामान्य माणसाला आपल्याच गल्लीकडे पाहण्याचे यंत्र मिळाले. आणि पोटाशी धरून, मान खाली घालून पाहिल्यामुळे समोरच्याला कोणी रोखून पाहतो आहे असे वाटत नसे. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येई. त्या काळच्या जपानी मुलांचे फोटो इतके मोकळे का वाटतात, याचे थोडे श्रेय या कंबरेइतक्या उंचीला द्यायला हवे.

पुढची कहाणी थोडक्यात सांगतो. १९५७ मध्ये 'असाही पेंटॅक्स' आणि १९५९ मध्ये 'निकॉन एफ' हे एकाच भिंगातून पाहण्याचे आणि टिपण्याचे कॅमेरे आले. लहान फिल्म, छत्तीस चित्रे, हलके ओझे. दोन-डोळ्यांचा बाजार ओसरला. १९६२ च्या सुमारास कॅमेऱ्यांच्या उत्पादनात जपानने पश्चिम जर्मनीला मागे टाकले. ब्राउनश्वाइगच्या कारखान्याने मजुरी परवडेना म्हणून सिंगापूर गाठले, पण १९८१ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. जपानात मात्र ऑटोकॉर्ड १९६५ च्या सुमारासच थांबला होता. मामिया १९९० नंतरही काही वर्षे टिकला. याशिकाने १९६८ मध्ये 'मॅट-१२४' काढला. बारा चित्रांची आणि चोवीस चित्रांची अशा दोन्ही फिल्मा चालतात म्हणून ते नाव. १९७० मध्ये त्याचाच 'जी' हा भाऊ आला. 'जी' म्हणजे सोने, आतल्या विजेच्या जोडांना सोन्याचा मुलामा होता म्हणून. तो १९८६ पर्यंत बनत राहिला, आणि आपल्याकडच्या लग्नांत त्याच्याही पुढे बरीच वर्षे दिसला.

असा एखादा कॅमेरा तुमच्या गावच्या बंद पडलेल्या स्टुडिओत किंवा कोणाच्या फडताळात असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी उघडून पाहा. १२० क्रमांकाची फिल्म अजून बनते आणि मोठ्या शहरांत मिळते. १२४ मधले प्रकाश मोजण्याचे यंत्र पाऱ्याच्या सेलवर चाले. ते सेल बाजारातून गेले आहेत, पण त्यावाचून कॅमेरा अडत नाही, प्रकाशाचा अंदाज डोळ्यांनी करावा. कोकणासारख्या दमट मुलखात भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. टॉर्च लावून पाहिली की दिसते. आणि ऑटोकॉर्ड हाती लागला तर भिंगाखालची सरकती कळ घट्ट वाटली तरी जोर लावू नका. आतले वंगण वर्षानुवर्षे सुकलेले असते, कळीचा धातू ठिसूळ असतो आणि ती मोडते. आधी घड्याळजीकडून ते वंगण साफ करून घ्या, मग फिरवा.